इतिवृत्तात नसलेला प्रश्न

आमच्या सोसायटीच्या इतिवृत्ताच्या वहीत १५ एप्रिल २०१८ च्या विशेष सर्वसाधारण सभेची नोंद साडेसहा पानांची आहे. अक्षर माझं आहे. हजर सभासद २२, पुनर्विकासाच्या निविदा तीन, कोणत्या बिल्डरने किती टक्के जादा जागा देऊ केली, कॉर्पस म्हणून एकरकमी किती, बांधकामाच्या काळात घरभाडं किती, हे सगळं त्यात आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलेला प्रश्न मात्र नाही.

काकांना २०१३ साली अर्धांगवायू झाला. तेव्हापासून ते चाकाच्या खुर्चीत होते. आमची इमारत तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही. दवाखान्यात न्यायचं तर खालचे-वरचे चौघं मिळून त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्याने उतरवायचो. त्या दिवशी काकू उठून म्हणाल्या, "भाऊ, दोन लिफ्ट देणार म्हणताय, बरं झालं. पण ह्यांची खुर्ची रस्त्यावरून लिफ्टपर्यंत कशी जाणार? ते नकाशात कुठे दाखवलंय?"

मी म्हणालो, "काकू, नवीन बिल्डिंग आहे, सगळं नियमानेच होणार. आत्ता टक्क्यांचं बोलू."

त्या बसल्या. रात्री वही लिहिताना हा प्रश्न मला नोंदवण्याजोगा वाटला नाही. शासनाच्या निर्देशाप्रमाणे सभेचं चित्रीकरण करावं लागतं, म्हणून ते केलेलं होतं. गेल्या वर्षी मी ते पुन्हा पाहिलं. प्रश्न स्पष्ट ऐकू येतो. माझं उत्तरही ऐकू येतं.

पुनर्विकासाच्या काळात सेक्रेटरी मी होतो. आज आमच्या जागी १४ मजली इमारत उभी आहे आणि येणारे-जाणारे तिला चांगली म्हणतात. मी केलेल्या चुका मात्र कोणत्याही कागदावर नाहीत. आमच्यासारख्या शेकडो जुन्या सोसायट्या मुंबईत आज याच वाटेवर आहेत, म्हणून त्या लिहून ठेवतो आहे.

मुलुंड पूर्वेला, मिठागर रस्त्यापासून जवळ, १९७४ साली आमची इमारत बांधली गेली. २४ घरं, प्रत्येक घर ३९२ चौरस फूट कार्पेट. राहणारे बहुतेक कारखान्यांतले, पोस्टातले, शाळांतले, आणि माझ्यासारखे बँकेतले. जमीन कित्येक वर्षं मूळ बिल्डरच्याच नावावर होती. २००८ च्या दुरुस्तीमुळे मोफा कायद्यात मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली होती, तिचा आधार घेऊन २०१६ मध्ये जमीन सोसायटीच्या नावावर करून घेतली. ते काम मी चोख केलं होतं. त्यामुळे पुढचंही आपल्याला जमेल असा माझा समज झाला.

मुंबईत इमारतीला ३० वर्षं झाली की स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं महापालिका कायद्याने बंधनकारक आहे. आमची ३० वर्षं २००४ मध्येच भरली होती. ऑडिट केलं २०१५ मध्ये, तेही तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात छताचा गिलावा कोसळल्यावर. ती ११ वर्षं ज्या कमिट्यांनी दवडली, त्यांतल्या दोन कमिट्यांत मी होतो.

ऑडिटच्या अहवालाबाबतची माझी चूक सगळ्यांत गंभीर आहे, आणि ती मी आजवर कुणापुढे पूर्ण मांडलेली नाही. महापालिका इमारतींचे वर्ग करते. सी-१ म्हणजे राहण्यास धोकादायक, ताबडतोब रिकामी करायची. सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२ब म्हणजे न हलता संरचनात्मक दुरुस्ती. आमच्या अहवालात सी-२ब लिहिलं होतं. सभेत मी गंजलेल्या सळ्यांचे आणि फुगलेल्या खांबांचे फोटो दाखवले, खाऱ्या हवेचा परिच्छेद वाचला आणि "म्हणजे इमारतीचं आयुष्य संपत आलंय" असं सांगून अहवाल मिटला. दुरुस्तीचा अंदाजपत्रकी खर्च शेवटच्या दोन पानांवर होता. ती पानं मी वाचली नाहीत. कुणी मागितली असती तर दिली असती, पण अशी पानं आहेत हे माहीत असल्याशिवाय कोण मागणार?

मी असं का केलं? मला मोठं घर हवं होतं. मुलाचं लग्न ठरत होतं आणि ३९२ चौरस फुटांत दोन जोडपी राहणार कशी, ही चिंता खरी होती. इतरांचीही ती होती. पण दुरुस्ती करून, बाहेरच्या बाजूने लोखंडी सांगाड्यात एक लिफ्ट बसवून इमारत आणखी काही वर्षं वापरता आली असती का, हा प्रश्न सभासदांपुढे यायलाच हवा होता. मुंबईत जुन्या इमारतींना अशा लिफ्ट बसवलेल्या मी पाहिल्या आहेत. आमच्या इमारतीचं सिमेंट, विटा, लोखंड, चौकटी ४५ वर्षांनी ट्रक भरभरून राडारोडा म्हणून गेलं, त्याच्या जागी कितीतरी पट नवं सिमेंट आणि नवं लोखंड आलं. पर्यावरणाचा विचार करायचा तर पाडायचं की दुरुस्त करायचं, या पहिल्या निर्णयातच बराचसा हिशेब होऊन जातो. तो निर्णय आमच्याकडे झालाच नाही, मी तो होऊ दिला नाही. कदाचित मतदान पाडण्याच्याच बाजूने झालं असतं. ते त्यांच्या मताने झालं असतं.

निविदा आल्यावर मी चार फुटी कागदावर तक्ता केला. बँकेत ३६ वर्षं काढलेला माणूस, तक्ते करणं हाताला बसलेलं. पहिल्या बिल्डरचे ३८ टक्के जादा, दुसऱ्याचे ३०, तिसऱ्याचे २५. पुढे कॉर्पस, महिन्याचं भाडं, सामान हलवण्याचा खर्च, पार्किंग. तिसऱ्या बिल्डरच्या पत्रात आणखी एक ओळ होती: प्रकल्प खर्चाच्या २० टक्के रकमेची बँक हमी देऊ. त्यासाठी माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता. सहकार कायद्याच्या ७९-अ कलमाखाली ३ जानेवारी २००९ ला शासनाने जे निर्देश काढले, त्यांत ही हमी घ्यायला स्पष्ट सांगितलेलं होतं. मी ते वाचले होते. पहिल्या बिल्डरने "हमीत पैसे अडकवले तर टक्के कमी होतील, त्याऐवजी भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक देतो" असं सांगितलं आणि कमिटीने ते मानलं. पुढच्या तारखेचा चेक म्हणजे काय, हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. मी गप्प बसलो, कारण ३८ हा आकडा सगळ्यांना आवडला होता आणि मलाही.

त्याच सभेत एका तरुण सभासदाने स्वयंपुनर्विकासाचा विषय काढला होता: सोसायटीनेच कर्ज घ्यायचं, कंत्राटदार नेमायचा, विक्रीच्या घरांचा नफा सोसायटीचा. "आपल्यापैकी कुणाला बांधकामातलं कळतं?" असं विचारून मी त्याला बसवलं. पुढे १३ सप्टेंबर २०१९ ला शासनाने अशा प्रकल्पांसाठी सवलतींचा निर्णय काढला, तोवर आम्ही घरं रिकामी केली होती. स्वयंपुनर्विकास आम्हाला झेपला असता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण त्या मुलाला दहा मिनिटं बोलू दिलं असतं तर पायऱ्या किती, दरवाजे किती रुंद, उजेड कुठून येणार, हे ठरवणारे आम्ही स्वतः असू शकतो, एवढं तरी सभेला उमगलं असतं.

मे २०१९ मध्ये आम्ही बाहेर पडलो. भाडं महिना २२ हजार ठरलं होतं. मुलुंडमध्ये त्या पैशांत दोन खोल्या जेमतेम मिळत होत्या, पण एकदम २४ कुटुंबं बाहेर पडल्यावर आसपासच्या घरमालकांनी भाडी वाढवली. निम्मे लोक ठाणे, कळवा, बदलापूरकडे गेले. लिफ्टचं किंवा तळमजल्याचं घर आणि आजारी माणूस चालणारा घरमालक, हे दोन्ही जुळेना, म्हणून काकू-काका बदलापूरला गेले. काकांचे डॉक्टर, व्यायाम करून घेणारी मुलगी, काकूंच्या बहिणीचं येणं-जाणं, सगळं तुटलं.

मार्च २०२० मध्ये काम थांबलं. मेपर्यंतचे चेक वटले. जूनपासून परत येऊ लागले आणि सप्टेंबर २०२१ पर्यंत येतच राहिले. १६ महिने. प्रत्येक घराचे ३ लाख ५२ हजार रुपये. साथीचा दोष बिल्डरच्या माथी मारता येत नाही. पण बँक हमी अशाच दिवसांसाठी असते, आणि ती घेऊ नये असं ठरलं तेव्हा मी होकाराची सही केली होती. त्या १६ महिन्यांत लोकांनी भाडं कुठून भरलं ते मला ठाऊक आहे. दोन घरांत बायकांच्या पाटल्या गेल्या. एकाने मुलीच्या शिक्षणाची ठेव मोडली. एक आजोबा परत आपल्या घरात येण्याची वाट पाहत कळव्यात वारले. त्यांच्या मुलाने मला फोन करून एवढंच सांगितलं, "काका, अप्पा गेले, यादीत माझं नाव लावून घ्या."

आमच्या वॉचमनचंही इथेच सांगतो. १९ वर्षं पंपाच्या खोलीशेजारी तो, त्याची बायको आणि दोन मुलं राहत होती. करारात त्याच्यासाठी काहीच नव्हतं. नव्या इमारतीला एजन्सीचे सुरक्षारक्षक आहेत. तो आता कुठे राहतो, मला माहीत नाही.

नवा भागीदार घेऊन बिल्डरने काम पुढे नेलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ओसी, म्हणजे इमारतीत राहायला जाण्याची परवानगी, आली. चाव्या वाटायचा दिवस ठरला. दारावर तोरण, पूजा, पेढे. रिक्षातून उतरवून काकांना खुर्चीत बसवलं. काकू खुर्ची ढकलत दारापर्यंत आल्या आणि थांबल्या.

समोर तीन पायऱ्या होत्या. २६ जुलै २००५ च्या पावसात आमच्या तळमजल्याच्या घरांत पाणी शिरलं होतं, म्हणून जोतं दीड फूट उंच घ्या असा आग्रह आम्हीच धरला होता. उतार मंजूर नकाशात मागच्या बाजूला, पार्किंगमधून दाखवलेला होता. प्रत्यक्षात गाड्यांच्या यांत्रिक पार्किंगच्या खड्ड्याने तिथली जागा खाल्ली होती. उरला होता तो उतार इतका उभा की धडधाकट माणसालाही रिकामी खुर्ची वर न्यायला दम लागेल. जुन्या घरातून आम्ही काकांना जसं उतरवायचो, तसंच चौघांनी खुर्चीसकट उचलून त्यांना नव्या घरात नेलं. माझा एक हात खुर्चीच्या पायाला होता. काका बोलू शकत नव्हते, पण त्यांचे डोळे मिटलेले होते. काकू मला काहीही म्हणाल्या नाहीत.

वर गेल्यावर कळलं की बाथरूमचा दरवाजा सव्वादोन फूट आहे आणि खाली चार इंचांचा उंबरठा. खुर्ची आत जात नव्हती.

उताराचं गणित साधं आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. दीड फुटाला १८ फूट, दोन्ही बाजूंना कठडा, वर-खाली सपाट जागा. खुर्ची सहज जाण्यासाठी दरवाजा साधारण ९०० मिलिमीटर हवा, आणि ती वळवायला पाच फुटांचं वर्तुळ. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. बांधकामाच्या परवानग्या आणि सुगम्यतेचे नियम यांची सांगड त्याने घातलेली आहे. आमचे नकाशे त्यानंतरचे. यातलं एक अक्षरही मी तेव्हा वाचलेलं नव्हतं. ज्या सल्लागाराला आम्ही फी देत होतो त्याला विचारलं नव्हतं, आणि त्याने आपणहून सांगितलं नव्हतं. जोतं पडण्याआधी हे सगळं कागदावरच्या रेषा हलवून झालं असतं. एका पैशाचाही खर्च नव्हता.

आता महिन्याच्या खर्चाचं. जुन्या इमारतीत देखभालीचे १,४०० रुपये होते. नवं बिल आलं ७,८०० चं. दोन लिफ्ट, अग्निशमनाची यंत्रणा, पाण्याचे मोठे पंप, यांत्रिक पार्किंगचा वार्षिक करार, तीन पाळ्यांचे रक्षक, छोटी व्यायामशाळा. कॉर्पस प्रत्येकाला ३ लाख मिळाला. साडेसहा टक्क्यांनी त्याचं महिन्याचं व्याज १,६२५ होतं. हे भागाकार मी नोकरीत रोज केले होते, इथे मात्र करार झाल्यावर पाच वर्षांनी केले. शिवाय आदर्श उपविधींप्रमाणे सेवा शुल्क दर घराला सारखं असतं. म्हणजे विक्रीच्या ४० घरांतला तीन बेडरूमवाला आणि आमचा कारखान्यातून निवृत्त झालेला शेजारी, दोघांना ते सारखंच. या शेजाऱ्याला भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतून २,३०० रुपये पेन्शन येतं.

आणखी एक गोष्ट. मुंबईत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. आमचं नवं घर ५४१ फूट. २५ टक्केवाला निवडला असता तर ४९० फूट झालं असतं. ही सवलत करारानंतर आली, तेव्हा ती दिसणं शक्य नव्हतं, त्याचा दोष मी स्वतःकडे घेत नाही. पण जागा वाढली की तिच्यामागचा दर महिन्याचा बोजाही वाढतो, एवढं तर दिसत होतं. घर फुकट मिळालं म्हणजे ते परवडलं असं मी धरून चाललो. जुन्या २४ कुटुंबांपैकी सात जणांनी आतापर्यंत घरं विकली. चार डोंबिवली-बदलापूरला, एक चिपळूणला, दोन मुलांकडे. ज्यांच्यासाठी पुनर्विकास केला असं आम्ही म्हणत होतो, त्यांतलेच हे सात.

उजेड आणि वाऱ्याची चूक मला उन्हाळ्यात रोज आठवते. जुन्या घराला समोर गॅलरी, मागे स्वयंपाकघराची खिडकी. मिठागरांवरून येणारा वारा आरपार जायचा. नव्या इमारतीत मजल्यावर जास्त घरं बसवायची म्हणून आमची घरं एकाच बाजूला उघडतात, बाथरूम डक्टमध्ये. मधल्या पॅसेजमध्ये दिवसा दिवा लागतो. सात जुन्या घरांनी पहिल्याच मे महिन्यात एसी घेतले. नकाशा माझ्यासमोर महिनाभर पडून होता. मी त्यातले चौरस फूट मोजले, खिडक्या मोजल्या नाहीत.

विहीरही गेली. आवारातल्या जुन्या विहिरीचं पाणी झाडांना आणि धुण्याला पुरायचं. बिल्डरने ती बुजवायची परवानगी मागितली, आम्ही अर्ध्या तासात दिली. पावसाचं पाणी जिरवण्याचे खड्डे नियमाप्रमाणे केलेले आहेत. पहिल्या पावसाळ्यानंतर उघडून पाहिलं तर बांधकामाच्या गाळाने भरलेले. गेल्या वर्षी साफ केले. एप्रिलपासून टँकर येतात आणि त्याचे पैसे पुन्हा त्याच ७,८०० मध्ये जातात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मी सभेत उभा राहून काकूंच्या प्रश्नाची हकिकत सांगितली, अहवालाच्या न वाचलेल्या पानांची नाही. ती आज इथेच पहिल्यांदा सांगतो आहे. पाहुण्यांच्या गाड्यांच्या दोन जागा काढून पुढच्या बाजूला उतार करावा असा ठराव मांडला. नव्या सभासदांपैकी काहींनी विरोध केला. त्यांनी पार्किंग पाहून घर घेतलं होतं, त्यांचंही चूक नव्हतं. तीन सभा लागल्या. ऑगस्टमध्ये १८ फुटांचा उतार तयार झाला, खर्च २ लाख ४० हजार. आता त्यावरून दोन वॉकरवाले आजोबा, बाळांच्या गाड्या, पाण्याचे जार आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली माझी बायको जाते.

काकू-काकांनी जूनमध्ये घर विकलं. काकूंच्या बहिणीजवळ डोंबिवलीत तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. नव्या घरात ते आठ महिने राहिले आणि त्या आठ महिन्यांत काका तीन वेळा खाली उतरले, तिन्ही वेळा हॉस्पिटलला. उतार झाल्यावर मी काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "बरं केलंत भाऊ, पुढच्यांना होईल."

ज्यांच्या सोसायटीत निविदा उघडायच्या आहेत, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. नकाशा हातात आला की सही करण्याआधी एका रविवारी सगळे आवारात जमा. फक्की घेऊन नव्या इमारतीचं प्रवेशद्वार, लिफ्ट, एक घर आणि त्याचं बाथरूम खऱ्या मापाने जमिनीवर आखा. चाकाची खुर्ची भाड्याने मिळते, ती आणा. सोसायटीतल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला तिच्यात बसवा, आणि फाटकापासून बाथरूमपर्यंत सेक्रेटरीला ती ढकलत नेऊ द्या. जिथे खुर्ची अडेल तिथे थांबा आणि ते इतिवृत्तात लिहा.